झुंबरबाईच्या पुरचुंड्या

हे मी लिहिणारच नव्हती. कॉलेजच्या अंकासाठी लोणारच्या सरोवरावर लेख देणार होती, अर्धा लिहूनही झाला होता, त्यात कोणाचं नाव नाही, कोणाचं काही जात नाही. दिवाळीची सुटी संपवून निघताना आईनं मोटरपाशी माझा हात धरून सांगितलं होतं की इथलं तिथं काही लिहू-बोलू नको, तू निघून जाशील, आम्हाले याच गावात राहायचं आहे. मी हो म्हटलं. खरंच गप्प बसणार होती. मग काल मेसमध्ये एक मुलगी अख्खी पोळी ताटात टाकून उठली अन् मी तिच्यावर इतकी ओरडली की होस्टेलच्या बाईंनी मले बोलावून घेतलं. त्या बिचारीचा काही दोष नव्हता. माझा राग आमच्या धाड गावचा होता, फुटला अमरावतीत. म्हणून होस्टेलच्या ऑफिसातलं मराठी टायपिंगचं मशीन मागून घेतलं आहे, बोटं पळून राह्यली आहेत, चुका राहतील, संपादकांनी सुधाराव्या. पण नावं बदलू नये.

धाडले आमचं बिऱ्हाड आहे. आई तिथं मुलींच्या शाळेत मास्तरीण, बाबा बुलढाण्याच्या कचेरीत, ते शनिवारी मोटरनं येतात. धाकटी बहीण शरयू मुलांच्या शाळेत जाते, कारण मुलींची शाळा तिच्या इयत्तेपर्यंत जातच नाही. आई सकाळी घाईघाईत निघते अन् ऊन उतरल्यावर येते. म्हणजे आमच्याही घरी दुपारी चूल थंडच. हे सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल की या बाईची एवढी काय पडली हिले.

बाईचं नाव झुंबरबाई. मूळची मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या मुलखातली, भोकरदनकडची, धाडले दिली. नवरा कडूबा महादेवरावांच्या गाडीवर गाडीवान होता. महादेवराव म्हणजे शाळा कमिटीचे अध्यक्ष, देवळाच्या सप्ताहाचे पुढारी, गावातला सगळ्यात मोठा गोठा त्यांचा. झुंबरबाई काळी, ठेंगणी, दातांले मिसरी, अन् तोंड असं की बाजारात भाजीवाल्या तिले पाहून आधीच भाव कमी करतात. तिले कोणी गोड बाई म्हणणार नाही. मीही म्हणत नाही.

दिवाळी झाली की आमच्याकडे कापूस फुटतो अन् गावातल्या साऱ्या बाया वेचणीले जातात. दवात निघतात, दिवेलागणीले येतात. घराले कडी. पोरं शाळेत. झुंबरबाईही वेचणीलेच जायची. तीन वर्षांमागं एका दुपारी पाय मुरगळला म्हणून ती लंगडत वावरातून परत येत होती, अन् शाळेच्या विहिरीपाशी तिले मधल्या सुटीतली पोरं दिसली. सरकी चावत होती. कच्ची सरकी, जी आपण ढोरायले घालतो. तिनं विचारलं, काऊन खाता रे हे. एका पोरानं सांगितलं, माय वावरात गेली, भाकर शिंक्यात हाये, हात पुरत नाई.

दुसऱ्या दिवसापासून ती वेचणीले गेली नाही. घरोघर जाऊन म्हणाली, मले पीठ द्या, वरून थोडी ज्वारी द्या, तुमच्या लेकराची भाकर मी शाळेत पोचवतो. बाया खुश झाल्या. आठ दिवसही झाले नाहीत तर भांडण उभं. एकाच टोपल्यात साऱ्यांच्या भाकरी, याची भाकर त्याच्या भाकरीले लागली, हिच्या हातचं पाणी आमच्या पिठात गेलं. एका आजीबाईनं तर नातवाच्या हातातली भाकर काढून कुत्र्यासमोर टाकली. नातू तिथंच उभा होता, उपाशी, अन् कुत्रा खात होता. हे मले शरयूनं सांगितलं, कारण तो पोरगा तिच्याच बाकावर बसतो.

तिथं दुसरी कोणी असती तर घरी बसली असती. झुंबरबाईले कडूबानं एक गोष्ट सांगितली होती. कडूबा मालकाले मोटरीपर्यंत सोडायले जायचा, त्यानं पाह्यलं होतं की महादेवराव बुलढाण्याले कोर्टात जाताना उभ्या मोटरीतच फकीर मोहम्मद पिंजाऱ्याच्या खांद्याले खांदा लावून बसतात अन् मांडीवर फडकं सोडून मजेत जेवतात. काऊन चालते त्यायले, तर म्हणे ती दशमी आहे. तुम्हाले हे माहीतच आहे, आपल्या साऱ्यांच्या घरात आहे. पीठ पाण्यात भिजवलं तर ते खरकटं, ते कोणाच्या हातचं चालते, कोणाच्या हातचं चालत नाही. तेच पीठ दुधात भिजवलं की दशमी, अन् दशमी बाटत नाही. प्रवासात खा, कोणाच्याही शेजारी बसून खा. दूधही कोणाच्याही घरचं चालते. तवा तोच, हात तेच, पीठ तेच.

झुंबरबाईच्या शेजारी इमामबी राहते, तिच्या बकऱ्या आहेत. कडूबानं येताजाता गाडीतून हिरवा चारा टाकायचा अन् इमामबीनं सकाळचं दूध द्यायचं, असं ठरलं. दोघींचं रोज भांडण. झुंबरबाई म्हणायची, तुह्या बकऱ्या पाणीच देऊन राह्यल्या. इमामबी म्हणायची, माझ्या बकरीबिगर तुही दशमी म्हंजे फत्तर, दात पाडशीन गावाचे. पण दूध रोज यायचं.

अशी ती पुरचुंडी तयार झाली. ज्वारीच्या दोन दशम्या, गुळाचा खडा, जवसाची कोरडी चटणी. कुठंच पाण्याचा थेंब नाही. जुन्या धोतराची फडकी, धुवून, वाळवून, गाठ मारून. कोणाची कोणती असं काहीच नव्हतं, सगळ्या सारख्या. टोपल्यात हात घाल अन् घे. फडकं परत नाही आणलं तर दुसऱ्या दिवशी पळसाच्या पानात मिळायची अन् वरून ऐकायले मिळायचं, तुह्या बापाचं धोतर फाडून आणू काय उद्या. शरयूले ती म्हणायची, मास्तरणीची पोट्टी हाये, पन खाते नांगराच्या बैलावानी. शरयूले त्याचा केवढा अभिमान. घरी येऊन आम्हाले सांगायची.

आई सुरुवातीले कुरकुर करत होती. मग तिनं पाह्यलं की देवळाचे पुजारीही काही म्हणत नाहीत, महादेवरावही म्हणत नाहीत, उलट वरचे साहेब शाळा तपासायले आले तेव्हा महादेवरावांनी ते टोपलं कौतुकानं दाखवलं, आमच्या कमिटीची सोय म्हणून. कमिटीनं एक चिमूट पीठ दिलं नव्हतं. पण असो, टोपलं चालू होतं. आईची सकाळची धावपळ सुटली. बाबा म्हणायचे, शरयूच्या गालावर जरा मांस आलं.

अजून एक सांगायचं राह्यलं. महारवाड्यातली पोरं आमच्या शाळेत पडवीत बसतात. मास्तर त्यांच्या पाट्या दुरूनच पाहतात. झुंबरबाई टोपलं घेऊन आधी पडवीत थांबायची अन् त्यांच्या हातात पुरचुंडी द्यायची. वरून टाकायची नाही, हातात द्यायची. कोणी विचारलंच तर म्हणायची, दशमी हाये ना, बाटत नाई ना, मंग. मले वाटते, महादेवरावांच्या पोटात ते तेव्हापासूनच दुखत होतं.

या दिवाळीत आमचं कॉलेज उशिरा उघडणार होतं अन् धाडची शाळा लवकर सुरू झाली. म्हणून पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं आहे.

इमामबीच्या बकऱ्यायले तोंडखुरी झाली. तोंडातून लाळ, पाय टेकवत नाहीत, दूध आटलं. इमामबी रात्रंदिवस त्यांच्यापाशी बसलेली. झुंबरबाई गावभर हिंडली. कोणाकडं वाटीभर मिळालं, कोणाकडं नाही. शेवटी ती महादेवरावांच्या गोठ्यावर गेली. दुधाच्या भरल्या चरव्या समोर दिसत होत्या. तिले अंगणात बसवून ठेवलं. बऱ्याच वेळानं आतून निरोप आला की सप्ताह चालू आहे, कीर्तनकारांची मंडळी उतरली आहेत, देवाकडचं दूध असं कोणालेही देता येत नाही. ती पाय आपटत आमच्या घरावरून गेली. मी विचारलं, मिळालं का. ती म्हणाली, देव लय दूध पिऊन राह्यला या सालात.

घरी जाऊन तिनं पाण्यात पीठ भिजवलं.

आता ऐका. तिनं सांगितलं नसतं तर जगात कोणाले कळलं नसतं. ज्वारीची भाकर अन् ज्वारीची दशमी, गुळासोबत खाताना पोरायले काय फरक कळणार. नुसतं गप्प राहायचं होतं. मी त्या दिवशी तिच्यासोबत शाळेत गेली होती, टोपल्याची एक बाजू धरून. तिनं टोपलं पडवीत ठेवलं, कमरेवर हात ठेवले अन् मोठ्यानं बोलली.

"पोट्टेहो, ऐका. आज दूध नाई भेटलं. आजची भाकर पाण्यातली हाये. ज्याच्या घरी चालत असन त्यानं घ्या. ज्याच्या घरी चालत नसन त्यानं नोका घेऊ. मी कोणावर राग धरणार नाई."

सगळे एकमेकांची तोंडं पाहून राह्यले. मग आमची शरयू पुढं आली.

"गूळ आहे का?"

"हाये."

"मग दे."

झालं. ती घेऊन बसली अन् मागून सगळेच आले. एकही पुरचुंडी उरली नाही. मीही एक घेतली. विहिरीच्या काठावर बसून खाल्ली. चांगली होती. दशमीपेक्षा जरा कडक, एवढंच.

शरयूनं घरी आल्या आल्या आईले हसत हसत सांगितलं. तिले वाटलं आई हसेल. आई पांढरी पडली. शरयूले मोरीत नेलं, डोक्यावरून थंड पाणी ओतलं, अंगावरचे कपडे भिजत टाकले. शरयू रडत विचारून राह्यली, मी काय सांडलं, मी काय सांडलं. तिले वाटलं कपड्यावर काही सांडलं असेल. माझी आई, जी रोज चाळीस मुलींसमोर उभी राहून शिकवते. मी आईशी त्या रात्री बोलली नाही.

असंच घरोघर झालं असणार, कारण दुसऱ्या संध्याकाळी मारुतीच्या देवळापाशी बैठक बसली. पुरुष पारावर, बाया खाली. आईले मास्तरीण म्हणून बोलावलं होतं, मी तिच्यामागं गेली. झुंबरबाई एका बाजूले उभी, कडूबा तिच्यामागं, पागोटं हातात.

महादेवराव रागावले नाहीत, हे सांगितलं पाहिजे. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फार गोड बोलले. म्हणाले, लेकरायच्या पोटाची चिंता आपल्या सगळ्यायले आहे, टोपलं बंद व्हावं असं कोणालेच वाटत नाही, माझी तर शाळा आहे, मले वाटणार का. आता काय झालं ते झालं. प्रायश्चित्त करा म्हटलं तर साऱ्या गावाले करावं लागते, खर्च कोण करणार, कोणाकोणाले करणार. मग त्यांनी वाट काढली.

"झुंबरबाई, तू फकत एवढंच म्हण की दूध होतं. चार लोकांसमोर म्हण. गोष्ट मिटली. उद्यापासून टोपलं सुरू."

तुम्हाले सांगते, त्या पारावर सगळ्यांचे चेहरे एकदम सुटले. लोक माना डोलवायले लागले. पुजाऱ्यांनीही मान डोलवली. सगळ्यायले माहीत होतं की पाणी होतं. साऱ्या गावाले माहीत होतं. पण ती दूध म्हणाली की पाण्याचं दूध होणार होतं, अन् घराघरातल्या पोरी-पोरं एकाएकी शुद्ध होणार होती. माझी आई पदराआडून हळूच म्हणाली, म्हण ना बाई, काय जाते तुझं.

झुंबरबाई मिसरीचं बोट पदराले पुसत होती. कडूबानं मागून तिले कोपरानं ढोसलं, तेही मी पाह्यलं. त्याले नोकरी होती त्या दारात.

"मालक," ती म्हणाली, "पोट्ट्यायले म्या सांगतलं का पाणी हाये. त्यायनं ऐकून खाल्लं अन् घरी जाऊन खरं सांगतलं. आता मी दूध होतं म्हनलं तं ते सारे खोटे पडतीन. आतापावतर नुसती आंघोळ झाली, मंग मारबी खातीन. मी नाई म्हनत."

महादेवराव म्हणाले, विचार कर, टोपलं बंद होईल.

"तुमच्या गोठ्यात दूध होतं तवा. चरव्या भरून होतं, म्या पाह्यलं. एक चरवी दिली असती तं आज एवढे लोक अथी बसले नसते."

एवढं बोलल्यावर मात्र गोडवा संपला. महादेवराव तिच्याकडं पाहायचेच बंद झाले. ते कडूबाले म्हणाले, "कडू, तुही बायको लय शिकली बे. आता तूच तिच्या शाळेत जाय. उद्यापासून गाडीवर येऊ नोको." अन् लोक हसले. मारुतीच्या पारावर बसलेली माणसं हसली.

तेव्हा मले राहवलं नाही. मी उठून म्हटलं की मीही खाल्ली आहे ती भाकर, मलेही बाटलेली म्हणा, माझंही काय करायचं ते करा. मले रडू येऊन राह्यलं होतं, त्यामुळं ते काही ठसक्यात झालं नाही. महादेवराव आईकडं पाहून हसले अन् म्हणाले, कॉलेजची पोरगी आहे मास्तरीणबाई, चार दिवसांनी जाईल. आईनं माझा हात ओढून मले खाली बसवलं. बसवलंच. माझ्या मनगटावर तिच्या बांगड्यांचे वळ उठले.

टोपलं बंद झालं. हेडमास्तरांनी फाटकाशी शिपाई उभा केला, मधल्या सुटीत बाहेर जायचं नाही म्हणून. मी निघण्याच्या आदल्या दुपारी मुद्दाम शाळेकडं गेली. विहिरीपाशी पोरं होती. मुठी बंद करून तोंडात टाकून राह्यली होती. मी एकाची मूठ उघडून पाह्यली. सरकी. शरयूले आई आता पितळी डब्यात देते, पोळी, लोणचं, वरून तुपाची धार. डबा भरलेलाच परत येतो. आई विचारते काऊन नाही खाल्लं. शरयू म्हणते, एकटीनं नाही खात.

अन् सप्ताहाच्या शेवटी महादेवरावांनी गावजेवण घातलं. केवढ्या कढया, केवढं वरण, सगळं पाण्यातच शिजलेलं बरं का, पण आचारी बामण होते. पंक्ती जातीजातीच्या वेगळ्या, महारवाड्याले ओढ्यापाशी, शेवटी, उरलेलं. लोक बोटं चाटून म्हणत होते की मालकाचं मन केवढं मोठं. त्या मोठ्या मनानं बाईले एक चरवी दिली नाही. मी त्या दिवशी जेवली नाही. आईनं पाह्यलं.

झुंबरबाई आता इमामबीच्या ओट्यावर बसते. बकऱ्या बऱ्या होऊन राह्यल्या आहेत पण दूध अजून नाही, अन् असतं तरी तिनं आता दुधात भिजवायचं सोडलं आहे. मी निरोप घ्यायले गेली तेव्हा ती पाण्यात पीठ मळत होती. फाटकाच्या शिपायाची नजर चुकवून जी दोन-चार पोरं पळून येतात त्यायले देते. मी म्हटलं, पुन्हा दुधात करशील तर कदाचित लोक ऐकतील. तिनं वर पाह्यलंही नाही. म्हणाली, "आता मले ठाऊक हाये का त्यायले पाण्यात चालते. मंग बकरी काऊन पिळू?" इमामबी आतून म्हणाली, पिळायले बकरी हाये कुठं तुही, माझी हाये. दोघी हसल्या. मले हसू आलं नाही.

कडूबाले गावात कोणी गाडीवर ठेवत नाही. महादेवरावांनी कोणाले नाही म्हटलं असं नाही, म्हणायची गरजच नाही. तिचा भाऊ मोगलाईत आहे, तो या म्हणतो. ज्वारी कापून-सोंगून झाली, संक्रांत झाली की ते दोघं जाणार. झुंबरबाई म्हणते जाऊ, काय ठेवलं हाये अथी. पण म्हणताना ती शाळेकडं पाहते, अन् मी ते पाह्यलं आहे.

आपला अंक नाताळच्या आधी निघतो. म्हणून तुम्हा सगळ्यायले सांगते, विशेषतः बुलढाण्याच्या, धामणगाव बढ्याच्या, बीबीच्या मुला-मुलींले, जे सुटीत घरी जाणार आहेत. मले तुमची हळहळ नको. लेख आवडला म्हणून मले सांगायले येऊ नका, मी तुमच्याशी बोलणार नाही. धाडले उतरा. बाजारच्या दिवशी उतरा, तेव्हा सारं गाव रस्त्यावर असते, महादेवरावही अडत्याच्या ओट्यावर बसलेले असतात, अन् इमामबीचं घर तिथून समोरच दिसते. जा अन् झुंबरबाईजवळ बसा. ती आधी विचारेल तुमचं काम काय, मग चार शिव्या घालेल, घालू द्या. भाकर मागा. ती सांगेल की पाण्यातली आहे, तिले सांगितल्याशिवाय राहवत नाही. घ्या अन् तिथंच रस्त्याकडं तोंड करून खा, साऱ्यांच्या देखत, घाई न करता. बामणाच्या घरचे असाल तर आधी जा. मी तर जाणारच आहे, शरयूले घेऊन, आईनं कितीही हात ओढला तरी. पण आम्ही दोघीच असलो तर लोक पुन्हा हसतील. संक्रांतीच्या आत या.